शिंतोडेंची डावी बाजू

“काकू, तुमच्या पोरीला बहिरा नवरा चालेल का?”

हा प्रश्न मी विचारला. भर बैठकीत, पाहुण्यांसमोर, आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असताना.

पैज होती. चष्मिस आणि शिडी या माझ्या दोन जिवलग आणि महाडांबरट मैत्रिणींनी शाळेच्या व्हरांड्यात मला बजावलं होतं की हिंमत असेल तर हे वाक्य जसंच्या तसं बोलायचं, एक शब्द गाळायचा नाही. मागच्या वर्षीपर्यंत माझ्याशी अशी पैज कुणी लावलीच नसती. तेव्हा मी हजेरीला ‘उपस्थित’ म्हणायचे ते फक्त माझ्या बाकाला ऐकू जायचं, आणि बाई खुशाल गैरहजेरी लावून पुढच्या नावाकडे वळायच्या. आता वर्गात मला ‘भोंगा’ म्हणतात. मला हे नाव फार आवडतं. मी ते कंपासपेटीवर कोरून ठेवलंय.

‘पोरगी’ म्हणजे काकूंची डाल्मेशियन कुत्री. काकूंचं फुलांचं दुकान आहे, म्हणून आमच्याकडे त्या फुलवाल्या काकू. आणि ‘नवरा’ म्हणजे आमचा शिंतोडे.

डाल्मेशियनची पिल्लं जन्मतात तेव्हा पांढरीशुभ्र असतात. ठिपके नंतर उमटतात, हळूहळू, कुणीतरी लांबून ब्रश झटकावा तसे. याच्या अंगावर पहिले काळे ठिपके दिसले तेव्हा बाबा टोपलीत डोकावून म्हणाला, “हे शिंतोडे कुठून उडाले?” झालं, नाव पडलं. आणि ते नाव असं भारदस्त, की आम्ही त्याला अरे-तुरे करूच शकलो नाही. “अहो शिंतोडे, पायपुसणं सोडा.” “शिंतोडे, जेवण झालं का तुमचं?” शेजारच्यांना कित्येक दिवस वाटत होतं की आमच्याकडे कुणी भाडेकरू राहतात.

भोंगा मी शिंतोडेमुळे झाले. आई डाल्मेशियन पाळते, क्वचित, नीट विचार करून पिल्लं होऊ देते, आणि कुत्र्यांच्या शोमध्ये उतरते. हे सगळं नोकरी सांभाळून. नोकरीत ती दातांच्या कवळ्या बनवते, त्यामुळे माणसं असोत की कुत्री, तिचं पहिलं लक्ष जबड्याकडे जातं. मागच्या वर्षी ऐन शोच्या सकाळी तिचा पाय मुरगळला आणि तिने पट्टा माझ्या हातात दिला. “मी? सगळ्यांसमोर?” मी म्हटलं. “तुझ्याकडे कुणी बघणार नाही, सगळे कुत्र्याकडे बघतात,” आई म्हणाली. याहून धीर देणारं वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही.

रिंगमध्ये कुत्रा नेहमी आपल्या डाव्या हाताला चालतो. सगळीकडे हाच नियम. जज मधोमध उभे, आपण त्यांच्याभोवती गोल धावतो, कुत्रा आतल्या बाजूला, म्हणजे जजना तो आख्खा दिसावा. शिंतोडे सगळा वेळ मान वर करून माझ्याकडे बघत धावला. मी जीभ टाळ्याला लावून बारीकसा आवाज काढला की त्याची चाल बदलायची. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा तो जागीच थांबून मान इकडे, मान तिकडे, पुन्हा इकडे, अशी आख्ख्या मैदानावर नजर फिरवायला लागला. थेट सभेला आलेला पुढारी. लोक हसले, जजही हसले, आणि आमचा दुसरा नंबर आला. पुढच्या शोला पहिला. हनुवटी वर ठेवून चालायची सवय मला तिथे लागली आणि ती शाळेतही राहिली.

आता त्याचं पहिलं लग्न ठरायचं होतं. म्हणजे काकूंची कुत्री माजावर आली की तिला आमच्याकडे आणायचं, असं बोलणं करायला काकू आल्या होत्या. आई दोन वर्षं या जोडीचा विचार करत होती. दोघांची कंबरेची हाडं तपासून झाली होती, रक्त तपासून झालं होतं, दोन्हीकडचे पणजोबा-पणजी शोधून झाले होते. “माझ्या लग्नाला एवढी चौकशी केली असती तर मला होकारच मिळाला नसता,” असं बाबा म्हणायचा.

तर त्या बैठकीत माझा प्रश्न.

काकू खो खो हसल्या. “अगं चालेल की! माझी पोर दिवसभर भुंकून कान किटवते. तिला बहिराच बरा, संसार तरी टिकेल.”

बाबाही हसला. आई हसली नाही. तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, “असं का म्हणालीस?”

“गंमत गं.”

“गंमत कशावरून सुचली?”

मग सांगितलं. आम्ही तिघी मैदानावर शिंतोडेला घेऊन गेलो होतो. शिडीने लांबून त्याला हाक मारली की तो भलतीकडेच बघायचा, मग गर्रकन स्वतःभोवती फिरायचा आणि शेवटी डोळ्यांनी तिला शोधून काढायचा. आम्ही पोट धरधरून हसत होतो. चष्मिसला आमच्यापेक्षा जास्त अक्कल आहे, दुर्दैवाने. ती त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसली आणि बिस्किटाचा पुडा चुरगाळला. शिंतोडे, जो पुड्याच्या आवाजाला आतल्या खोलीतून येतो, समोर बघत बसून राहिला. मग ती उजवीकडे गेली. पुडा जेमतेम वाजला आणि हा तिच्या मांडीत. “ह्यांचा एक स्पीकर बंद आहे,” चष्मिस म्हणाली. मग आम्ही आणखी हसलो, आणि त्या हसण्यातून पैज निघाली.

मी हे सांगत होते तेव्हा शिंतोडे खिडकीखाली आडवा पडून झोपला होता. उजवा कान खाली, गादीत दबलेला. डावा वर, मोकळा. आई स्वयंपाकघरात गेली आणि पातेल्याचं झाकण आणि पळी घेऊन आली. त्याच्या डोक्याशी वाकून तिने झाकण वाजवलं. जोरात. काकूंनी कानांवर हात ठेवले. आतल्या खोलीतून आमची म्हातारी, म्हणजे शिंतोडेची आई, भुंकायला लागली.

शिंतोडे झोपलेला. मिशी हललेली नाही.

आईने त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला उठवलं. तो उठला, आळस दिला, शेपटी हलवली. ती त्याच्या डाव्या बाजूला मागे जाऊन उभी राहिली आणि पुन्हा एकदा वाजवलं. यावेळी तो दचकला, कारण उजवा कान आता उघडा होता. दचकून त्याने उजवीकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं. उजवीकडे बघत राहिला तो, बराच वेळ, भिंतीकडे.

“ताई,” आई काकूंना म्हणाली, “आज काही ठरवू नका.”

“अहो, एका कानाचं एवढं काय? दुसऱ्याने ऐकतोय की तो.”

“तो ऐकतोय. त्याच्या पिल्लांचं कोण सांगणार? हे रक्तातून येतं. बाप एका कानाने बहिरा असेल तर पिल्लं दोन्ही कानांनी बहिरी निघू शकतात. मागून येणारी गाडी ऐकू येत नाही, झोपेत कुणी हात लावला की घाबरून चावतात. मग लोक त्यांना कुठेतरी सोडून देतात.” आई पळीकडे बघत बोलत होती. “आधी तपासते. मग बोलू.”

काकू चहा अर्धा ठेवून गेल्या. जाताना त्यांनी माझ्या गालाला हात लावला. मी ट्रेमधलं बिस्कीट उचललं आणि खाल्लं. चांगलं होतं. दुसरंही खाल्लं. मला वाटलं होतं की आता छातीत काहीतरी होईल, गोष्टींमध्ये होतं तसं. काही झालं नाही. बिस्किटात वेलदोडा होता, तेवढंच.

कानांची चाचणी करायचं मशीन पशुवैद्यकीय कॉलेजमध्ये गेल्या वर्षीच आलं होतं. त्यानंतरच्या पिल्लांना आई तिथे नेत असे. शिंतोडे त्याआधीचा. तेव्हा पिल्लं टोपलीत असताना आई मागून झाकण वाजवायची आणि कोण वळतं ते बघायची. “सहाच्या सहा वळली होती,” ती गाडीत म्हणाली. “मी पिल्लं मोजली. कान मोजले नाहीत.”

डॉक्टर तरुण होत्या, केस वर बांधलेले, टेबलाशी बोलत असल्यासारख्या पुटपुटणाऱ्या. त्यांनी शिंतोडेला जरा गुंगी दिली, डोक्याच्या कातडीत केसाएवढ्या बारीक सुया टोचल्या आणि उजव्या कानात छोटासा फोम बसवला. मशीन कानात टिक-टिक-टिक करत राहतं आणि मेंदूला ते पोचलं का, हे पडद्यावर दिसतं. उजव्या कानाची रेघ मस्त होती. टेकडी, दरी, टेकडी, टेकडी. भूगोलाच्या पुस्तकातल्यासारखी.

मग डावा.

सपाट.

“वायर सैल असेल,” बाबा म्हणाला. बाबा लिफ्ट दुरुस्त करतो. कुठलीही गोष्ट बंद असली की त्याच्या मते वायर सैल असते. तो खरोखर टेबलाखाली वाकला आणि प्लग दाबून आला. डॉक्टरांनी न रागावता पुन्हा केलं. मग सुया बदलून पुन्हा. रेघ तशीच. वहीच्या समासासारखी सरळ.

“जन्मापासूनच असणार,” डॉक्टर म्हणाल्या. “त्याला स्वतःला हे वेगळं वाटत नसेल. पण आवाज कुठून आला, ते एका कानाने कळत नाही. म्हणून तो शोधत बसतो. तुम्हाला कधी जाणवलं नाही?”

आई म्हणाली, “शोचा कुत्रा आमच्या डाव्या हाताला असतो. म्हणजे त्याचा उजवा कान कायम आमच्याकडे. फिरताना तसंच, शिकवताना तसंच, खायला देतानाही तिकडूनच. आम्ही सगळे आयुष्यभर त्याच्या चांगल्या कानाशी उभे राहिलो.”

आणि जज, मी मनात म्हटलं, आतल्या बाजूने त्याचा बहिरा कान बघून नंबर देत होते.

मला तेव्हा एक गोष्ट कळली आणि ती मी कुणालाच सांगितली नाही. पुढारी वगैरे काही नव्हतं. टाळ्या पडल्यावर तो नजर फिरवायचा कारण टाळ्या कुठे आहेत तेच त्याला कळत नव्हतं. आणि मान वर करून सतत माझ्याकडे बघायचा, कारण मी एकटीच अशी होते जिचा आवाज कुठून येतो ते त्याला पाठ होतं. मी दोन्ही गोष्टींचं कौतुक केलं होतं. वर्गात निबंध लिहिला होता. मी त्याच्या डाव्या कानात बोट घालून पाहिलं. मऊ होता. गरम होता. कानच होता.

घरी आल्यावर आईने त्याच्या पाचही भावंडांच्या घरी फोन लावले आणि प्रत्येकाला मशीनवर न्यायला सांगितलं. काकूंना सांगितलं की जोडी होणार नाही. मग माझ्यासमोर बसली. माझी आई वाईट बातमी गोड करून देत नाही, तिच्या कामात कवळी बसते किंवा बसत नाही.

“त्याची नसबंदी करायची. रिंगमध्ये आता जायचं नाही. आणि त्याच्यासाठी चांगलं घर शोधायचं.”

“हे घर आहे की.”

“आपल्याकडे तीन.”

हो. आमच्याकडे तीन. म्हातारी, तिची धाकटी मुलगी राई, आणि शिंतोडे. तीनचा नियम माझ्या जन्माआधीचा आहे. दोन खोल्या, एक गच्ची, तिघं माणसं दिवसभर बाहेर. बाबा पाहुण्यांना हे नेहमी लिफ्टच्या भाषेत समजावतो: “तिघांचा लोड लिहिलाय. चौथा शिरला की घंटा वाजते, आणि दार कुणासाठीच लागत नाही.” एकदा लहानपणी चौथा होता, मला अंधुक आठवतो. त्याच्या वाट्याला कायम उरलेला वेळ यायचा. शेवटी तो स्वतःचेच पंजे चावायला लागला.

आणि तिसरी जागा रिकामी ठेवायची नव्हती. लांबच्या एका ब्रीडरने आईला नर पिल्लू द्यायचं कबूल केलं होतं, दोन्ही कान तपासून. ते माझं असणार होतं. रिंगमध्ये मीच नेणार होते.

म्हणजे मी एक गमतीशीर प्रश्न विचारला आणि माझा कुत्रा घालवला. बदल्यात चालू स्पीकरवाला दुसरा मिळणार होता.

शाळेत चष्मिस रडली. “माझ्यामुळे झालं. मी मेली कशाला पुडा चुरगाळत बसले!”

“गप गं. काकूंच्या पोरीचं वाटोळं टाळलंस. लग्नात मानाची वरमाई तू असतीस, ते तेवढं हुकलं.”

शिडी माझ्याकडे बघत राहिली. “तू रडत का नाहीयेस?”

“दाढ काढलीय कधी तू? इंजेक्शन दिल्यावर गाल असतो, पण आपला नसतो. दाबला तर कळतं की कुणाचातरी गाल दाबतोय. तसं आहे.”

“मग इंजेक्शन उतरल्यावर?”

“तेव्हा बघू.” आणि मी तिच्या डब्यातला शेवटचा घास पळवला. त्या दोघींना बरं वाटलं. मला काय वाटलं ते मी शोधून पाहिलं. काही सापडलं नाही. बाईंनी हजेरी घेतली तेव्हा मी ‘उपस्थित’ म्हटलं. त्यांनी मान वर करून विचारलं, “आज भोंगा बिघडलाय का?”

घर बाबाने शोधलं. तो ज्या इमारतीची लिफ्ट सांभाळतो तिथल्या वॉचमनचे थोरले भाऊ, निवृत्त बसड्रायव्हर. ते आणि त्यांची बायको बघायला आले. मी ठरवूनच बसले होते की यांच्यात खोट काढायची. आईनेही कमी पिडलं नाही. अंगणाला कुंपण किती उंच? घरी एकटा किती वेळ राहील? आजारी पडला तर? उद्या नकोसा झाला तर कुणाला द्याल? (“तुम्हालाच परत,” काका म्हणाले. हे बरोबर उत्तर होतं. आईच्या परीक्षेत बहुतेक लोक इथेच नापास होतात.)

“तुम्हाला कुत्रा कशाला हवाय?” मी मुद्दाम फाडकन विचारलं.

काकांनी टोपी मांडीवर ठेवली. “अगं, आता सकाळी उठतो आणि रूट नसतो. म्हणून चालायला जातो. पण ही माझ्याबरोबर येत नाही.”

“का येऊ?” त्यांची बायको म्हणाली. “हे प्रत्येक बसथांब्यावर थांबतात. कुणी चढायचं नसतं, उतरायचं नसतं. तरी थांबतात. लोक बघतात!”

“पाय आपोआप ब्रेक दाबतो.”

“म्हणून म्हटलं, कुत्राच आणा. तो प्रत्येक खांबाला थांबेल, हे प्रत्येक थांब्याला थांबतील. संध्याकाळपर्यंत घरी आले तरी मिळवलं!”

आई हसली. बऱ्याच दिवसांनी. काका हाक मारत नव्हते, चुटक्या वाजवत नव्हते. जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि वाट बघत होते. शिंतोडे आपणहून उठला, त्यांची टोपी हुंगली आणि त्यांच्या गुडघ्याला टेकून बसला. खोट निघाली नाही. मी खूप शोधली.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला त्यांच्या घरी नेलं, नुसतं बघायला, कसा वागतो ते. अंगणात तो मोकळा होता. काकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोने, स्वयंपाकघरातून हाक मारली. “शिंतोडे!” तो गर्रकन फिरला. कुंपणाकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, पुन्हा फिरला. माझ्या तोंडाशी आलं होतं ते बारीक टाळ्याचं टक्-टक्, म्हणजे तो निदान माझ्याकडे तरी आला असता. आईने माझा दंड धरला. काका काही बोलले नाहीत, काकूही खिडकीत तशाच उभ्या. कुणी हसलं नाही, टाळी वाजवली नाही, दुसरी हाक मारून त्याचा गोंधळ वाढवला नाही. थांबले, एवढंच. थांबणं त्या माणसाला येत होतंच म्हणा. शिंतोडे आणखी एकदा फिरला, खिडकी दिसली, काकू दिसल्या, आणि तो चालत गेला. घाई न करता.

मी ते बघितलं आणि मला काहीच झालं नाही. पण बघितलं.

त्या आठवड्यात आईने राईला शोसाठी शिकवायला सुरुवात केली. संध्याकाळी, गच्चीवर. शोचा बारीक पट्टा खुंटीवरून निघाला की शिंतोडेला तो आवाज घरात कुठेही असला तरी कळायचा, अर्थात कुठून आला ते सोडून. मी दप्तर टाकून वर गेले. आई राईला उभं करत होती: पुढचे पाय सरळ, मागचे जरा मागे, मान वर, शेपूट ओळीत. आणि गच्चीच्या दारात, आईच्या पाठीमागे, शिंतोडे उभा होता.

अगदी तसाच. पुढचे पाय सरळ. मागचे जरा मागे. मान वर. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पट्टा नव्हता, जज नव्हते, मी नव्हते. तो वाट बघत होता की कुणीतरी येईल, दात बघेल, पाठीवरून हात फिरवेल, “छान” म्हणेल आणि सोडेल. आपली आपण ती उभं राहायची पोझ मोडायची नसते, हे मीच त्याला शिकवलं होतं. आई राईला घेऊन गोल धावून आली, तो उभा. राईला खाऊ मिळाला, तो उभा. त्याच्या मागच्या मांड्या बारीक थरथरायला लागल्या होत्या.

मी पुढे गेले. त्याचे दात पाहिले. पाठीवरून हात फिरवला. “छान, शिंतोडे. झालं,” उजव्या कानात म्हटलं. तो सुटला आणि त्याने माझा हात चाटला, आणि तो हात मला कुणाचातरी वाटला.

आईने हे पाहिलं असणार. कारण रविवारी सकाळी नाश्त्याला दोघंही जरा जास्तच नीट बसले होते. बाबाने माझ्या ताटलीत न मागता दुसरी पोळी वाढली. हे आमच्याकडे गंभीर लक्षण असतं.

“ऐक,” आई म्हणाली. “मी विचार केला. त्याला इथेच राहू दे. पिल्लूही येऊ दे. चार होऊ दे.”

मला वाटलं, माझं ऐकण्यात चूक झाली. हा नियम माझ्यापेक्षा वयाने मोठा होता.

“मी सकाळी तासभर लवकर उठेन,” ती पुढे म्हणाली. “होईल.”

“चौथा कधीमधी शिरतोच लिफ्टमध्ये,” बाबा म्हणाला. “लिफ्ट काही लगेच खाली पडत नाही.”

“घंटा वाजते ना पण?”

“घंटेची वायर काढता येते.” आणि माझ्याकडे न बघता, “तू बोलत नाहीस गं हल्ली. घरात कसं शांत शांत झालंय. परत पहिल्यासारखी होऊ नकोस, बाई.”

तेव्हा कळलं. चौथी जागा शिंतोडेला नव्हती, ती मला दिली जात होती. आई, जिने एका सपाट रेघेवर दोन वर्षांची मेहनत कुरकुर न करता मोडली, ती माझ्या गप्प बसण्यावर नियम मोडायला निघाली होती. आणि मी हो म्हटलं असतं तर तो रोज संध्याकाळी गच्चीच्या दारात उभा राहिला असता, मांड्या थरथरेपर्यंत, आणि मी कधी क्लासला असते, कधी नव्या पिल्लाबरोबर.

शिंतोडे टेबलाखाली होता, माझ्या डाव्या पायाशी. नेहमीच्या बाजूला. मी पोळी खाली ठेवली.

“मी ठरवलंय,” मी म्हणाले. आवाज भोंग्याचाच निघाला, मोठ्ठा, आमच्या दोघांच्याही कानांना पुरेल एवढा. “चार नकोत. तू लवकर उठशील गं आई, पण माझ्यासाठी उठशील. शिंतोडे ड्रायव्हरकाकांकडे जाणार. नसबंदीचे टाके निघाले की मीच सोडून येईन, चालत. थांबे लागतील तिथे थांबू. आणि बाबा, वायरबियर काही काढू नकोस. आजपासून तो माझ्या उजव्या हाताला चालेल. बहिरा कान माझ्याकडे, चांगला कान बाहेर. त्याची फक्त माझंच ऐकायची सवय मोडायला हवी.”